यांच्या मोबाईलचा उपास

...आणि मोबाईल पडल्यावर हे काय म्हणाले ठाऊक आहे? "अरे अरे, लागलं का रे?" मोबाईलला विचारलं हो! उचलला, उलटा केला, सुलटा केला, सदऱ्याच्या टोकाने त्याचं तोंड पुसलं, फुंकर घातली आणि वर मला सांगतात, वाचला बिचारा. आदल्याच आठवड्यात मी मोरीत घसरले होते, ढोपर चांगलं सोलवटलं होतं, तेव्हा बाहेरून आवाज काय आला, तर "काय पडलं गं?" मी आतूनच सांगितलं, काही नाही, बादली. तर म्हणाले, बरं. आणि पुन्हा आपलं ते टुकटुक टुकटुक सुरू.

आता मी जळत नाही हं. माझा स्वभावच नाही तो. सोळा सोमवार झालेत माझे, मार्गशीर्षातला एक गुरुवार चुकत नाही, संकष्टी तर लग्नाच्या आधीपासून करते. एवढ्या व्रतांनंतर माणसाच्या पोटात मत्सर राहील कुठे? जागाच नाही! निम्मे दिवस तर तिथे साबुदाणाच असतो.

हा मोबाईल आमच्याकडे आला तो यांच्या रिटायरमेंटला. माझगावला गोदीत पस्तीस वर्षं काढली यांनी, शेवटच्या दिवशी शाल मिळाली, नारळ मिळाला आणि आमच्या मेघनाने, लेक माझी, ठाण्याला दिलीय, तिने बाबांना घरी कंटाळा येईल म्हणून हा आणून दिला. आणि तुम्हाला सांगते, ओवाळलं कोणी त्याला? मी! नवी वस्तू घरात आली की कुंकू लावायचं, देवापुढे ठेवायची, ही आमच्या घरची रीतच. मला काय कल्पना, की मी कोणाचा गृहप्रवेश करतेय! अहो, सवत आली असती तर बरं झालं असतं. तिला नाव असतं, भांडता आलं असतं, तिला माहेर असतं, सणासुदीला दोन दिवस तरी गेली असती. हा कुठे जातो? कुठेच जात नाही!

पूर्वी हे सकाळी उठले की आधी स्वतःचे तळहात बघायचे, आईने लावलेली सवय, मग हात जोडायचे, मग म्हणायचे, चहा ठेवलास का गं. आता तळहात दिसणार कसा, त्यात हा बसलेला. त्याची बॅटरी पंधरा टक्क्यांवर आली की हे हातातला घास ताटात ठेवून चार्जर शोधायला उठतात. माझी बॅटरी एकादशीला किती टक्के असते, चतुर्थीला किती टक्के असते, कधी कोणी वायर घेऊन धावलंय माझ्यामागे? त्याला काच नवी बसवली, वर कव्हर घेतलं, कव्हरच्या आत लक्ष्मीचा छोटा फोटोसुद्धा ठेवला. माझ्या चष्म्याची डावी काडी गेले सहा महिने दोऱ्याने बांधलेली आहे. पण मी जळत नाही. मला काय करायचंय!

बरं, हेही मी गिळलं असतं. पण मागच्या महिन्यातलं ऐका. दादाकडे, म्हणजे माझा मोठा भाऊ कुशाबा, घोडपदेवला असतो, माझं माहेरच ते, तिथे सत्यनारायण होता. आता लालबागहून घोडपदेव ते किती? चालत वीस मिनिटं. एकतीस वर्षं आम्ही त्याच रस्त्याने जातोय, यांची वरात त्याच रस्त्याने गेली होती. आणि त्या दिवशी चाळीच्या जिन्यातून खाली उतरल्याबरोबर यांनी तो काढला आणि त्याला विचारलं, घोडपदेवला कसं जायचं? माझ्या माहेरचा रस्ता हो! मी शेजारी उभी! हातात प्रसादाचा डबा, डोक्यात गजरा, आणि रस्ता विचारला कोणाला, तर मोबाईलातल्या त्या बाईला! मी म्हटलं, अहो, हे काय? तर म्हणाले, ट्रॅफिक बघतोय. पायी चालणाऱ्या माणसाला कसला आलाय ट्रॅफिक!

आणि तिचा आवाज कसा, तर लोण्यात घोळवलेला. "पुढे डावीकडे वळा." हे वळले. "आता उजवीकडे वळा." हे वळले. एकतीस वर्षं मी सांगतेय ओला टॉवेल पलंगावर टाकू नका, कधी वळलेत? ती म्हणाली, हे निघाले! मला दिसत होतं की आपण चुकतोय, पण मी म्हटलं बोलायचं नाही, जाऊ दे हिला हवं तिथे. तिने आम्हाला नेऊन कुठे उभं केलं, तर एका बंद गिरणीच्या मागच्या भिंतीपाशी. भिंतीपलीकडे दादाच्या घरातली घंटा ऐकू येत होती मला. कसाबसा वळसा घालून पोचलो तोवर आरती संपलेली, माणसं प्रसादाचा द्रोण चाटत बसलेली. माहेरची आरती चुकली माझी. दादाने हसत यांना विचारलं, "काय जयवंतराव, एकतीस वर्षांनी सासुरवाडीचा रस्ता चुकलात?" आणि यांनी मान खाली घातली. म्हटलं, चला, लाज तरी वाटली. वाकून बघते, तर खाली मोबाईल.

तेव्हा मात्र मी ठरवलं. दुसऱ्याच दिवशी प्रभादेवीला गणपतीच्या देवळात गेले, हात जोडले आणि बाप्पाला म्हटलं, यांचं लक्ष माझ्याकडे फिरू दे, तुझ्या एकवीस संकष्ट्या करीन. परत येताना मनात आलं, संकष्ट्या तर मी करतेच, त्यात बाप्पाला नवीन काय? उपास कोणी करायला हवा? ज्याला रोग, त्यानेच ना? घरी येऊन यांना सांगितलं, या संकष्टीला तुम्ही मोबाईलचा उपास करायचा. सकाळपासून चंद्र दिसेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. बोललेय मी तसं देवाला. हे म्हणाले, तू बोललीस तर तू कर. मी म्हटलं, तुमच्या वतीने बोललेय, एकतीस वर्षं तुमच्या वतीनेच बोलतेय, आणि घेतला वसा टाकता येत नाही. गॅलरीत शेजारचे राजाराम भावोजी दात घासत होते, ते हसले. मग काय, पुरुषाचा मान तो! हे म्हणाले, "त्याच्यावाचून राहता येत नाही की काय मला?" आणि संकष्टीच्या सकाळी अंघोळ करून स्वतःच्या हाताने त्याला देव्हाऱ्यात नेऊन ठेवला, बाळकृष्णाच्या शेजारी.

तुम्हाला सांगते, पहिला तास बघवत नव्हता. खुर्चीत बसले, हात मांडीवर, आणि अंगठा आपला रिकाम्या हवेत वर-खाली, वर-खाली. दोनदा खिसा चाचपला. गॅलरीत गेले, आत आले, पुन्हा गेले. भावोजी म्हणाले, "काय रे जयवंता, आज हात रिकामो कसो?" मग स्वयंपाकघरात आले आणि माझ्यामागे उभे राहिले. हा डबा कधी घेतला? दहा वर्षं झाली. साबुदाणा एवढा का भिजवतेस? खिडकीला पडदा होता ना आपल्या? होता, दोन वर्षांपूर्वी फाटला. अहो, घर बघत होते हो, पाहुण्यासारखं! आणि मग माझ्याकडे बघून म्हणतात, "चष्म्याला दोरा कसला गं?" मला इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं, की साबुदाण्यात मीठ दोनदा पडलं.

दुपारी मी पूजेला बसले. पूजा म्हणजे काय, एकतीस वर्षांचा हात, डोळे मिटून चालतो. अथर्वशीर्षाची आवर्तनं म्हणायची आणि हाताने हळद, कुंकू, अक्षता, दूर्वा, एकेका देवाला वाहत जायचं. त्यात हे मागे बसून चक्क टाळ्या वाजवत होते. माझं ध्यान कुठे होतं म्हणून विचारू नका.

संध्याकाळी मोदक केले, तांब्या-ताम्हण घेतलं आणि दोघं गच्चीवर गेलो. कॅलेंडरात चंद्रोदय नऊ वाजून सात मिनिटांनी. पण कॅलेंडरवाल्यांना काय माहीत, आमच्या पूर्वेला दोन टॉवर उभे राहिलेत ते! चंद्र उगवतो नऊ-सातला आणि आम्हाला दिसतो त्या टॉवरांच्या मधल्या फटीत येईल तेव्हा. भावोजींची बायको लतिका, तिच्या दादरच्या बहिणीने तिला चंद्राचा फोटो पाठवला, तर लतिकेने मोबाईल वर धरला, त्याला अक्षता दाखवल्या, अर्घ्य कुंडीत सोडलं आणि निघाली जेवायला. मला म्हणते, अंबिकाताई, चला की, इथे स्पष्ट दिसतोय, डागसुद्धा दिसतायत. हे त्या मोबाईलकडे असे बघत होते, असे बघत होते, जसं मी एकादशीला भजीच्या गाडीकडे बघते. मी म्हटलं, नको गं बाई, आमचा चंद्र आमच्या डोळ्यांनी दिसू दे.

मग गच्चीवर आम्ही दोघंच. आणि हे बोलायला लागले. काय काय बोलले म्हणून सांगू! लग्नानंतरच्या पहिल्या संकष्टीला मी इथेच चक्कर येऊन पडले होते, तर यांनी चंद्राच्या आधीच मोदक भरवला होता, आईपासून लपवून. मी तेव्हा निळी साडी नेसले होते हेही आठवलं यांना. मग म्हणाले,

"ढोपर कसं आहे तुझं?"

मी ताम्हणातल्या अक्षता सारख्या केल्या.

"त्या दिवशी मोरीत बादली नव्हती ना पडली?"

मी तोंड वळवलं टॉवरांकडे, डोळे पुसले, आणि बघते तर काय... फटीत चंद्र! चांगला घसघशीत, तांबूस, मोदकासारखा!

आणि मी... मी बोलले नाही.

हो. मी, सोळा सोमवारवाली, नवस बोललेली, मी चंद्र लपवला. कारण चंद्र दिसला की उपास सुटणार, आणि माझा सुटला तर यांचाही सुटणार ना! मी मनात म्हटलं, बाप्पा, दोनच मिनिटं. टॉवरांकडे पाठ करून यांच्या आणि टॉवरांच्या मधे जरा सरकून बसले. पोटात कावळे ओरडतायत, मोदक निवतायत, वर बाप्पा खोळंबलेला, आणि मी आपली यांना विचारतेय, निळी साडी आणखी आठवते का? एक अख्खं अथर्वशीर्ष मी मनात म्हटलं, प्रायश्चित्त म्हणून, आणि सावकाश म्हटलं. पण किती वेळ लपवणार? चंद्र काही ओट्यावरची ताटली नाही, वर फडकं टाकायला. शेवटी म्हटलं, अहो, तो बघा, दिसला.

तर हे म्हणाले, मला मघाशीच दिसला.

अगं बाई! मला भरूनच आलं. म्हणजे यांनीही लपवला? यांनाही वाटलं की ही वेळ सरू नये? इतक्या वर्षांनी बाप्पा पावला. मी अगदी हळू आवाजात विचारलं, मग बोलला का नाहीत?

"विचार करत होतो गं," हे म्हणाले, "दोन टॉवरांच्या मधोमध असला चंद्र... फोटो काय आला असता!"

झालं. मी अर्घ्याचा तांब्या उचलला आणि म्हटलं, जा. घेऊन या. हे दोन-दोन पायऱ्या उतरत गेले हो, साठीचा माणूस! वर आले तर मोबाईल दिव्याखाली धरून बघतायत आणि हसू आवरत नाहीये. त्याला हळद, त्याला कुंकू, कव्हरच्या कडेला खोचलेल्या दूर्वा आणि वर जास्वंदाचं फूल. मी केलेली पूजा! डोळे मिटून, सगळ्या देवांबरोबर! दुसऱ्यांदा ओवाळलं मी त्याला, आणि या खेपेला तर अथर्वशीर्षासकट.

हे म्हणाले, राहू दे कुंकू, वेळ जातेय, तू अर्घ्य दे, मी फोटो काढतो. मी अर्घ्य दिलं. फोटो निघाला. आणि कॅमेऱ्याच्या भिंगावर कुंकवाचं बोट होतं ना, त्यामुळे सगळा फोटो लालसर, गुलाबीसर, धुक्यातल्यासारखा. सुरकुती म्हणून नाही, चष्म्याचा दोरा दिसत नाही, पंचविशीतली दिसतेय मी! मेघनाला पाठवला तर ती विचारते, आई, कुठला फिल्टर?

तो फोटो यांनी मोबाईलवर लावलाय. उघडला की आधी तोच. तेव्हा आता हे दिवसातून दोनशे वेळा मोबाईल उघडतात आणि दोनशे वेळा फोटोतल्या त्या पंचविशीतलीकडे बघून हसतात. काल मी चहा घेऊन समोर उभी राहिले तर म्हणाले, जरा बाजूला हो गं, उजेड अडतोय.

आता बाप्पाने ऐकलं नाही असं मी कोणत्या तोंडाने म्हणू? लक्ष माझ्याकडे फिरू दे म्हटलं होतं, फिरवलं की त्याने! नवस बोलताना मीच नीट पत्ता सांगितला नाही. अजून वीस संकष्ट्या आहेत, बघू, बाप्पा काही तरी करेल. आणि मी जळत नाही हं, माझा स्वभावच नाही तो... आणि जळणार तरी कोणावर? साडी माझी, कुंकू माझं, हातातला तांब्या माझ्या आईने दिलेला. मघाशी मी म्हटलं ना, सवत असती तर निदान दोन दिवस माहेरी तरी गेली असती? आता सवत आहे, तर तिचंही माहेर घोडपदेवलाच. परवा दादाकडे निघाले, तर ती आमच्याबरोबर आली... यांच्या खिशातून, रस्ता दाखवत.