गाल लाल आणि बोटं?

घरी चार हाका मारल्या तरी ऐकू न येणाऱ्या आजीला त्वचेच्या डॉक्टरबाईंच्या दवाखान्यात शेजारच्या बाकावरचं सगळं लख्ख ऐकू येत होतं. तिथे एक नणंद होती आणि तिची भावजय. भावजय कळसूत्री बाहुल्या नाचवणारी, गाल लालबुंद.

“वहिनी, परवा दिवे गेले तेव्हा तुझ्या गालांच्या उजेडात अख्खा खेळ पार पडला!”

“हस, हस. रोझेशियाच्या आजारानं लाल झालेत ते.”

“मग मागच्या खेपेला बाईंनी सांधे दुखतात का विचारलं, तर ‘नाही’ असं का सांगितलंस?”

“गालांसाठी आले होते मी. सांध्यांचा काय संबंध?”

“असू शकतो म्हणाल्या ना! शरीर स्वतःवरच उलटतं, तसला एखादा आजार कधी कधी सोबत असतो. सगळ्यांना नसतो, म्हणून तर विचारलं त्यांनी.”

“निघाला तर बाहुल्या सोडायला लावतील.”

“सकाळी मूठ वळत नाही तुझी. कपसुद्धा दोन्ही हातांनी धरतेस. आणि संध्याकाळी तीच बोटं राणीच्या बाहुलीला अशी लाजवतात, की पहिल्या रांगेतले मिशीवाले माना खाली घालतात!”

“कप बघितलास होय तू?”

“पडद्यामागे दोऱ्या मीच देते ना तुझ्या हातात? अशी बोटं दुसऱ्या कुणाची नाहीत गं. लपवून लपवून घालवू नकोस.”

आतून हाक आली. भावजय उठून आत गेली. दार लागता लागता आजीनं ऐकलं,

“बाई, गालांचं नंतर बघू. आधी हे हात बघा.”