वत्सलेच्या कॅरिअरवर

...आणि वर मलाच विचारतात, "बाबुरावकाका, तुम्हाला सायकलचं एवढं वावडं का?" आता काय बोलायचं! वावडं! अहो, सायकलला माझा विरोध नाही. कधीच नव्हता. सायकलनं तिच्या रस्त्यानं जावं, मी माझ्या रस्त्यानं जातो, भेट झालीच तर बाजूला होतो, ह्याहून जास्त माणसानं काय करायचं? पण तुम्हाला सांगतो, आमच्या सुरतेतल्या उधन्याच्या मराठी मंडळीत हे चालत नाही. मंडळी म्हणजे चर्च हो, आम्ही ख्रिस्ती लोक मंडळी म्हणतो. तर आमच्या मंडळीत नवे पाळकसाहेब आले नगरकडून, तरुण, अंगानं असे सडपातळ की उभ्या पेन्सिलीनं ह्यांच्याकडे बघून खांदे पाडावेत, आणि ह्यांनी आल्या आल्या काय काढावं? भजनाचा वर्ग? नाही. बायबलचा अभ्यास? तोही नाही. सायकल मंडळ!

रविवारची उपासना संपली, आशीर्वाद झाला, आमेन म्हटलं, की बाहेर किणकिण किणकिण! एका महिन्यात नुसतं फिरायला, म्हणजे डुमसला जायचं, समुद्र बघायचा, भजी खायची आणि परत यायचं. दुसऱ्या महिन्यात सत्कार्याला. म्हणजे कुणाला कपडे, कुणाला धान्य, कुणा म्हाताऱ्याच्या घरी जाऊन गाणी. मी म्हटलं, "पाळकसाहेब, सत्कार्य बसनं नाही का होत?" तर हसले, छातीवर हात ठेवला आणि म्हणाले, "काका, शरीर हे देवाचं मंदिर आहे!" असेल हो! कोण नाही म्हणतंय? पण मंदिराला चाकं कशाला?

मला सायकल येत नाही. झालं? सांगितलं. त्यात लपवायचं काय, अख्ख्या उधन्याला माहीत आहे. जालन्याला आमच्या घरी सायकल नव्हती, सुरतेत आलो तर मिल चालत जाण्याच्या अंतरावर, मग शिकणार कशाला? तरी पाळकसाहेबांनी एकदा बसवलंच मला. मागून धरून पळत होते, "काका, पुढं बघा, पुढं बघा!" मी पुढंच बघत होतो. पुढं लोचोची गाडी होती! सुरतेत लोचो म्हणून एक पदार्थ मिळतो, मऊ, वाफेवरचा, वर तेल आणि शेव. तो मी त्या दिवशी खाल्ला नाही, अंगाला लावला. गाडीवाला ओरडतोय, "अरे काका, ब्रेक मारो, ब्रेक!" आता ब्रेक कुठं असतो हे माहीत असतं तर मी लोचोत गेलो असतो का? तेव्हापासून मी हात जोडले. सायकलला माझा विरोध नाही, पण आमचं जमणार नाही.

पण गंमत पुढंच आहे. मी सुटलो आणि बायको अडकली!

आमची वत्सला. तुम्ही तिला बघितली असती तर म्हणाला असता, ही बाई सायकलवर बसेल? शक्य नाही. अहो, वर्षभर तर ती खिडकीतून उठली नव्हती. आमची प्रिया, एकुलती एक, नर्सिंग केलं आणि मस्कतला गेली नोकरीला. मी नको म्हणत होतो. एकटी पोर, परका देश, भाषा येत नाही, काय गरज आहे? आणि वत्सला म्हणाली, जाऊ द्या तिला. गेली. आणि पोर गेली त्या दिवसापासून घरातला आवाजच गेला बघा. भाजीत मीठ कमी आहे म्हटलं तर मीठ आणून ठेवायची, बोलायची नाही. चहा द्यायची, बोलायची नाही. मी समजलो, रागावली आहे. पोरगी जाताना मी स्टेशनवर तोंड पाडून उभा होतो, हसून हात केला नाही, त्याचा राग धरला असणार. मग मीही गप्प. दोघं जेवायला बसायचो आणि नुसता पंख्याचा आवाज.

आणि अशात ती आमची शेजारीण, प्रमिलाबाई! अमळनेरकडची, साडीच्या कारखान्यात जाते रोज सायकलवर, पदर खोचून, रिक्षावाल्यांना शिव्या देत. ख्रिस्ती नाही बरं का, तिच्या घरी कानबाई देवी बसते, पण सायकल मंडळात सगळ्यांच्या पुढं तीच. पाळकसाहेबांना म्हणाली होती, "साहेब, देव कोनता बी असो, चाकात हवा भरेल पाहिजे!" तर हिनं एके दिवशी वत्सलेला हाताला धरून नेलं रेल्वेच्या मैदानात. मी म्हटलं, नेऊ दे, येईल परत. आली. कोपर सोललेलं, साडीला ग्रीस, केसांत गवत... आणि हसत होती.

हसत होती हो. वर्षभरानं!

मी काय म्हणालो? मी म्हणालो, "साडी गेली ना वाया?" असं का म्हणालो, मला नका विचारू. माणसाच्या तोंडातून एकेक निघतं.

मग काय, पंधरा-वीस दिवसांत बाई तयार. रविवारी उपासना झाली की ही चालली किणकिण, आणि मी इथंच. मटण शिजायचं चारला! मी चर्चच्या पायरीवर बसून म्हाताऱ्यांबरोबर निवडणुकीच्या गप्पा मारायचो आणि लोक जाता-येता विचारायचे, "काय बाबुराव, वहिनी कुठवर गेल्या?" जसं काही ती चंद्रावर निघालीय! सायकलला माझा विरोध नाही, पण नवऱ्यानं पायरीवर बसायचं आणि बायकोनं डुमसला भजी खायची, हे कुठल्या शास्त्रात बसतं, सांगा!

तर नाताळच्या आधीची गोष्ट. पाळकसाहेबांनी जाहीर केलं, चलथाणला जायचं. तिथं साखर कारखाना आहे, ऊस तोडायला खानदेशातली, डांगातली माणसं येतात, शेताच्या कडेला कोप्या घालून राहतात, उसाच्या पाचटाच्या. थंडीत लेकराबाळांना पांघरायला नसतं. मंडळीनं ब्लँकेटं गोळा केली होती. आता इतकी ब्लँकेटं सायकलवर कशी जायची? म्हणून टेम्पो केला. आणि टेम्पोत सामानावर लक्ष ठेवायला कोण? "बाबुरावकाका!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एकदाचा माझा उपयोग सापडला होता त्यांना.

टेम्पो चिंधाचा. तीन चाकांचा, रंग कुठला होता ते आता त्यालाही आठवत नाही. चिंधा आमच्याच गल्लीतला, म्हणाला, "बाबुभाई, फिकर नई करनेका, ये टेम्पो नई, राजधानी है!" राजधानी! अहो, उधना सोडून ऊस दिसायला लागला, मी ब्लँकेटांवर मस्त आडवा झालो होतो, पुढं सायकली, वाऱ्यावर भजन, म्हटलं असं सत्कार्य रोज करावं... आणि राजधानीनं एक उचकी दिली, मग दुसरी दिली आणि थांबली. चिंधा उतरला, इंजिनात डोकं घातलं, बाहेर काढलं आणि म्हणाला, "गई."

सायकली परत फिरल्या. पाळकसाहेब म्हणाले, "हरकत नाही! प्रत्येकानं एकेक गठ्ठा बांधा!" बांधले. दोरी, ओढण्या, एकानं तर टाय काढून बांधला. प्रमिलाबाईनं पुढं एक, मागं दोन घेतले. फक्त वत्सलेचं कॅरिअर रिकामं, कारण पाळकसाहेब म्हणाले, काकू नव्या आहेत, त्यांना ओझं नको. सगळं सामान संपलं. उरलो मी.

मी म्हटलं, "तुम्ही व्हा पुढं, मी चिंधाला सोबत थांबतो." सगळे बरं म्हणाले. आणि वत्सला काय म्हणाली?

"बसा."

तुम्हाला सांगतो, वर्षभरात ह्या बाईनं मला एक शब्द हक्कानं सांगितला नव्हता. चहा घ्या नाही, दार लावा नाही. आणि आता भर रस्त्यात कॅरिअरकडं हात करून, "बसा." मी म्हटलं, "अगं, माझं वजन..." "माहीत आहे. बसा." मी इकडं बघितलं, तिकडं बघितलं. पाळकसाहेब आकाशाकडं बघत होते, प्रमिलाबाईनं तोंडात पदर कोंबला होता. बसलो.

अहो, काय ती सुरुवात! सायकल नागासारखी. डावीकडं ऊस, उजवीकडं खड्डा, डावीकडं ऊस, उजवीकडं खड्डा! मी डोळे मिटून प्रभूची प्रार्थना म्हणायला लागलो तर "आम्हास परीक्षेत आणू नको" ह्याच्या पुढचं आठवेना. वत्सला ओरडली, "हलू नका हो!" मी कुठं हलतोय, सायकल हलतेय! मग लागली एकदाची सरळ. आणि मग सुरू झाले लोक. एक ट्रकवाला हळू झाला, खिडकीतून डोकं बाहेर काढून म्हणाला, "चाची, पीछे का माल कहाँ उतारना है?" माल! पुढं एक गुजराती आजोबा ओट्यावर दातण करत बसलेले, ते उभेच राहिले, "अल्या काका, शरम करो, शरम!" म्हटलं करतोय हो, दुसरं काय करतोय मघापासून! वाटलं, उतरावं आणि उसात शिरावं, सायकलला माझा विरोध नाही पण ही काय अवस्था...

तेवढ्यात पुढून आवाज आला. हळू. आधी वाटलं दम लागलाय तिला.

"अहो, माझं चुकलं का?"

मी म्हटलं, "नाही, छान चालवतेयस."

"सायकलचं नाही हो. प्रियाचं. तुम्ही नको म्हणत होतात. मीच पाठवलं तिला. परवा फोनवर रडत होती, ताप आला होता म्हणे, कोणी पाणी द्यायला नव्हतं. तुम्हाला सांगितलं नाही मी. कुठल्या तोंडानं सांगू?"

मला तिची फक्त पाठ दिसत होती. घामानं ओली झालेली, पाय मारताना डावी-उजवी होणारी. तिला मी दिसतच नव्हतो. बहुतेक म्हणूनच बोलली. समोरासमोर बसून वर्षभर नाही निघालं ते तोंडातून, आणि ऊस बघत, दम खात, टप्प्याटप्प्यानं निघालं. म्हणजे ही माझ्यावर रागावलीच नव्हती! हिला वाटत होतं मी रागावलोय! अहो, एका घरात दोन माणसं, एका पंख्याखाली, आणि दोघंही एकमेकांच्या रागाची वाट बघत बसलेली... काय म्हणायचं ह्याला?

मला खूप बोलायचं होतं. पण मला बोलता येत नाही असलं. मी म्हटलं, "वत्सला, तू पाठवलंस ते बरं केलंस. माझं ऐकलं असतं तर पोरगी जन्मभर माझ्यासारखी मागं बसली असती."

सायकल एकदम हसल्यासारखी हलली, आणि आम्ही पुन्हा उसात जाता जाता वाचलो. पुढं कालव्याचा चढ आला. मी म्हटलं, "उतरतो आता." तर म्हणते, "बसून राहा. पुन्हा बसायला वेळ लागतो तुम्हाला." आणि चढवली हो! उभी राहून, दात-ओठ खाऊन चढवली, आणि वर पोचल्यावर मागं बघून म्हणते कशी, "भाजीत मीठ कमी असेल तर सरळ सांगत जा. तोंड काय करून बसता!"

चलथाणला पोचलो तर सगळी वस्ती कोप्यांच्या बाहेर. बाकीचे कधीच पोचले होते, पण बघायला गर्दी झाली ती आमच्यासाठी. एक म्हातारी, कमरेत वाकलेली, पुढं आली, कपाळावर आडवा हात धरून बघितलं आणि ओरडली, "ओ माय! बाई चालाडी ऱ्हायनी नि माणूस मांगे बठेल शे!" मी उतरलो. म्हणजे उतरायला गेलो. पण इतका वेळ कॅरिअरच्या सळयांवर बसून माझे दोन्ही पाय मेले होते! जमिनीवर पाय टेकला आणि मी सरळ खाली. म्हातारी धावली, दोघांना हाक मारली, त्यांनी मला बगलेत धरून उचललं, आणि म्हातारी डोळ्यांत पाणी आणून वत्सलेला विचारते, "पायले काय व्हयनं वो भाऊले? कितलं दूरथून लई उनी तू!"

म्हणजे बिचारीला वाटलं, बाई पांगळ्या नवऱ्याला इतक्या लांबून घेऊन आलीय! मी म्हणतोय, "आजी, काही झालेलं नाही, मुंग्या आल्यात!" पण ऐकतं कोण? मला नेऊन खाटेवर बसवलं. ब्लँकेट वाटायला सुरुवात झाली आणि पाळकसाहेबांनी पहिलं ब्लँकेट म्हातारीच्या हातात दिलं, तर तिनं ते माझ्या अंगावर घातलं! "आधी याले द्या," म्हणाली, "आम्हना हातपाय शेतस." म्हणजे आमचे हातपाय तरी धड आहेत! अहो, जिच्या कोपीत वारा शिरत होता ती बाई! मी काढायला गेलो तर तिनं पुन्हा घट्ट लपेटलं, माझ्या दोन्ही गालांवरून हात फिरवला आणि बोटं मोडली. मी वत्सलेकडं बघितलं, म्हटलं आता तरी सांग ह्यांना खरं काय ते. तर ती डोळे पुसत होती, हसून हसून पुसत होती की कशानं, देवाला ठाऊक. म्हणाली, "राहू द्या हो अंगावर. मन नका मोडू त्यांचं." तेवढ्यात खटॅक! पाळकसाहेबांचा कॅमेरा.

ते ब्लँकेट मी निघताना म्हातारीच्याच अंगावर घालून आलो, ते सोडा. पण तो फोटो! आमच्या मंडळीचं एक पत्रक निघतं, छापतात नगरला, तिथल्यांना काय माहीत कोण बाबुराव! जानेवारीचा अंक आला, उपासना संपल्यावर सगळ्यांच्या हातात, आणि पहिल्या पानावर मी, खाटेवर, गळ्यापर्यंत गुंडाळलेला, तोंड असं केविलवाणं, आणि खाली जाड अक्षरात: "चलथाण येथे मायेची ऊब स्वीकारताना एक गरजू बांधव."

सगळं उधना हसलं. प्रमिलाबाईनं तर तो फोटो कारखान्यात नेला. वत्सलेनं एक अंक मस्कतला पाठवला, आणि प्रियाला फोन लावला तेव्हा एसटीडी बूथमध्ये आम्ही दोघं एका रिसीव्हरला कान लावून उभे, आणि तिकडून पोर नुसती हसतेय, हसतेय, बोलताच येईना तिला, मीटर पळतोय आणि आम्ही तिघंही हसतोय.

पाळकसाहेब बिचारे घरी आले, ओशाळून. म्हणाले, "काका, माफ करा, फार मोठी चूक झाली. पुढच्या अंकात दुरुस्ती छापू."

मी फोटोकडं एकदा बघितलं, आत वत्सला गुणगुणत कांदा चिरत होती तिकडं बघितलं, आणि म्हटलं, "राहू द्या साहेब. खोटं तरी कुठं छापलंय?"