नग चोवीस, तपासले

नाही, पण मला एक सांगा, डब्यावर स्पष्ट छापलेलं असतं, वय वर्षं तीन ते पाच, मग अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाला त्यात नाक खुपसायचं काही कारण होतं का? नव्हतं! बायको तेव्हाच म्हणाली होती. पण मी ऐकतोय होय? मी म्हणजे कोण, तर पंपांच्या कारखान्यात एकतीस वर्षं शेवटच्या तपासणीवर बसलेला माणूस. पंप खोक्यात गेला, त्याच्याबरोबर नट, बोल्ट, वॉशर, सगळं गेलं, की ते खोकं माझ्या टेबलावर येतं, मी ते उघडतो, एकेक नग मोजतो, चिठ्ठीवर लिहितो 'तपासले', खाली सही ठोकतो, आणि मगच ते खोकं दाराबाहेर जातं. तुम्हाला सांगतो, एकतीस वर्षांत एका गिऱ्हाइकाचं पत्र नाही की वॉशर कमी आला. तपासल्याशिवाय मी काही बाहेर सोडत नाही! ही माझी ख्याती.

आणि हीच ख्याती माझ्या नातीच्या मुळावर आली. आता लपवण्यासारखं काही उरलेलं नाही, म्हणून दिसेल त्याला सांगत सुटलोय. बसा. ऐकताना तुम्हालाही जरा लाज वाटेल, पण बसा.

नात म्हणजे लेकीची लेक. नुकतीच चार वर्षांची झाली. घरात तिला सगळे खारूताई म्हणतात, कारण जे आवडेल ते लपवून ठेवायचं हा तिचा धंदा. उशीच्या अभ्र्यात, कुंडीमागे, कुठेही. एकदा जावयांच्या बुटातून अर्धं बिस्किट, दोन बटणं आणि माझ्या बायकोची केसातली पिन निघाली. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तर गेल्या वाढदिवसाला मी तिला एक गाडी दिली होती. बटण दाबलं की ती गाडी बोंब मारायची, दिवे लावायची, गाणं म्हणायची आणि स्वतःच स्वतःला शाबास म्हणायची. लेकीनं दहाव्या मिनिटाला तिच्यातले सेल काढून घेतले. यंदा महिनाभर आधीच तिचा फोन आला, "बाबा, या वेळी वाट्टेल ते उचलून आणू नका हं. तिच्या वाढीला काहीतरी उपयोग होईल असं आणा." आता 'वाढीला उपयोग' हे काही माप झालं का? मला माप लागतं! मग मी काय केलं, सरळ डायरी घेऊन तिच्या बालवाडीच्या बाईंकडे गेलो. बाई एवढ्याशा खुर्चीवर बसलेल्या, मलाही तसलीच एक दिली, माझे गुडघे कानाला लागले, आणि त्या अवस्थेत मी विचारलं, बाई, चार वर्षांच्या मुलीचं खेळणं कसं असावं?

बाई फार गोड बोलतात हो, सगळ्या जगाशी एकाच सुरात. "आजोबा, खेळण्यानं कमी करावं आणि मुलानं जास्त करावं." लिहून घेतलं. "घशात अडकेल असा बारीक भाग नको." लिहिलं, खाली रेघ मारली. "आणि आजोबा, चुकता आलं पाहिजे. चुकलं तर ते आपलं आपल्याला दिसलं पाहिजे, कुणी न ओरडता. मोठ्यांनी मध्ये पडायचं नाही." तेही लिहिलं. अहो, लिहायला काय जातंय!

मग दुकान. दुकानदार म्हणजे तोंडाचा पट्टा. "साहेब, हे न्या, याच्यानं बुद्धी वाढते. हे न्या, याच्यानं एकाग्रता वाढते. आणि हे सगळं एकत्र हवं असेल तर हा रोबो, हा नाचतो, मोजतो, गोष्ट सांगतो, प्रश्न विचारतो आणि उत्तरही देतो." मी म्हटलं, मग पोरगी काय करणार, चहा करून देणार का त्याला? शेवटी तासाभरानं मला पाहिजे ते मिळालं. लाकडी तुकडे जोडून करायचं चित्र. हत्तीचं. चोवीस तुकडे. चुकीचा तुकडा बसतच नाही, त्यामुळे ज्याची चूक त्याला दिसते. दिवा नाही, गाणं नाही, काही नाही. डब्यावर, वय वर्षं तीन ते पाच. मला तर असं झालं की हे मीच घेऊन खेळत बसावं.

आता शहाण्या माणसानं काय केलं असतं? वर कागद गुंडाळून दिलं असतं. पण तपासल्याशिवाय मी काही बाहेर सोडत नाही ना! शनिवारी संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर डबा उघडला. बायको म्हणाली, "अहो, नवीन आहे ते, कशाला उघडता?" मी म्हटलं, तुला कळत नाही. मोजले. चोवीस. पुन्हा मोजले. चोवीस. जोडून पाहिलं, हत्ती झाला. मोडलं, डब्यात भरलं, आणि... हसू नका... आत चिठ्ठी ठेवली. 'नग चोवीस. तपासले.' खाली सही, तारखेसकट.

आणि मग आठवलं ते घशाचं! डबा पुन्हा उघडला. सगळ्यात लहान तुकडा शोधला, हत्तीचा डोळा असलेला. बारीक मापाचा माझा वेगळा चष्मा आहे, तो लावला, व्हर्नियर काढला, मोजलं. लांबी चार सेंटिमीटर, रुंदी साडेतीन. कुठल्याही घशात जाणार नाही. तेवढ्यात फोन वाजला. तुकडा इकडेतिकडे पडू नये, हरवू नये, म्हणून मी तो चष्म्याच्या घरात ठेवला, वर चष्मा ठेवला आणि घर मिटलं. फोनवर कोण, तर राँग नंबर! परत आलो, डबा बंद केला, चिकटपट्टी मारली. कारखान्यात नियम आहे, सहीनंतर खोकं उघडलं तर पुन्हा मोजायचं. हा नियम कुणी केलाय? मी केलाय!

रविवारी लेकीकडे गेलो. आम्ही दोघं आणि ती तिघं, बाकी कुणी नाही. खारूताईनं डबा फोडला, आणि तुम्हाला सांगतो, दीड तास ती पोरगी जमिनीवरून उठली नाही. पाय वेगळा, कान वेगळा, सोंड उलटी, पुन्हा सुलटी. लेक माझ्याकडे बघून म्हणाली, "बाबा, अगदी बरोब्बर आणलंत." माझी छाती अशी फुगली! बायकोकडे एक नजर टाकली, म्हटलं बघ.

तेवीस तुकडे बसले. डोळ्याच्या जागी भोक.

खारूताईनं डबा उलटा केला, झटकला, आत हात घालून पाहिलं. मग मला म्हणाली, "आजोबा, याला दिसत नाही का?" मी म्हटलं, दिसेल दिसेल, शोधूया. सगळे शोधायला लागलो. सतरंजी उचलली, सोफा सरकवला, आणि मग लेकीच्या हातात लागली ती चिठ्ठी. तिनं मोठ्यानं वाचली. नग चोवीस, तपासले. आणि जावई, ते तसे कमी बोलतात, ते एवढंच म्हणाले, "बाबांनी तपासलंय म्हणजे प्रश्नच नाही." झालं! सगळ्यांच्या माना खारूताईकडे वळल्या. कुठे ठेवलास? खरं सांग. बुटात ठेवलास का? उशीत ठेवलास का? तिच्या फ्रॉकचे दोन्ही खिसे उलटे केले. ती आपली मान हलवतेय, नाही, नाही. आणि खिशातून निघाली एक बाटलीची टोपी, म्हणजे संशय आणखी पक्का.

मी म्हटलं, थांबा, मी नीट बघतो. बारीक चष्मा घ्यायला चष्म्याचं घर उघडलं...

हत्तीचा डोळा माझ्याकडे बघत होता.

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय, हसायचं, अरे बघा माझा वेंधळेपणा म्हणायचं आणि तुकडा द्यायचा. बरोबर आहे. मीही तुम्हाला हेच सांगितलं असतं! पण त्या चिठ्ठीवर सही होती हो. जावई म्हणाले होते, प्रश्नच नाही. एकतीस वर्षं! आणि समोर बायको. मी चष्मा घेतला आणि घर मिटलं. टक्कन आवाज झाला, तो मला अजून ऐकू येतो. मिटलं आणि चष्मा लावून, तुम्हाला सांगतो, मी सगळ्यांबरोबर गुडघ्यावर बसून शोधायला लागलो. सोफ्याखाली! बॅटरी घेऊन!

थांबा, अजून खालची पायरी आहे. शेवटी लेक खारूताईला म्हणाली, "आजोबांनी एवढं प्रेमानं आणलं आणि तू पहिल्याच दिवशी हरवलंस. आजोबांना सॉरी म्हण." पोरगी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. ओठ थरथरत होते. "सॉरी आजोबा." आणि मी काय केलं? मी तिला माफ केलं! तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हटलं, "असू दे, असू दे. होतं असं कधी कधी." चोर सोडून संन्याशाला फाशी ऐकलं होतं, पण चोरानंच संन्याशाला मोठ्या मनानं माफ केल्याचं तुम्ही कुठे ऐकलंय? आणि लेक म्हणते, "बघ, आजोबा किती चांगले आहेत." मला वाटलं जमीन दुभंगावी. ती कसली दुभंगतेय, वर सतरंजी होती.

जेवणं झाली. सगळे आतल्या खोलीत पडले. मी हळूच उठलो, बेत असा की तुकडा सोफ्याच्या पायाशी टाकायचा, उद्या झाडताना सापडेल, सगळे सुटतील. वाकलो, तुकडा ठेवला, मान वर केली, तर समोर खारूताई. उभी. बघतेय. मग ती माझ्याजवळ आली, आणि कानाशी येऊन हळूच म्हणाली, "तुला आवडला?"

अहो, काय सांगू! त्या पोरीला वाटलं, मी तिच्यासारखाच. आवडला म्हणून लपवला. तिला राग नाही, काही नाही, उलट चेहरा असा खुललेला, जणू घरात आपल्या जातीचं कुणीतरी सापडलं. मी मान हलवली. हो म्हटलं! दुसरं काय म्हणणार, सही राखायची होती, असं सांगणार? तिनं तुकडा उचलला, माझ्या मुठीत कोंबला आणि म्हणाली, "ठेव तुला. कुणाला सांगू नको." आणि मी, तुम्हाला सांगतो, तो खिशात टाकून घरी आलो. बसमध्ये बायको म्हणाली, "पोरीला जरा बोललेच सगळे, नाही?" मी खिडकीबाहेर बघत म्हटलं, हं.

सोमवार गेला, मंगळवार गेला. कारखान्यात खोकी येतायत, मी मोजतोय, सही करताना हात अडखळतोय. बुधवारी लेकीचा फोन. "बाबा, बाईंशी बोलावं लागणार बहुतेक. वस्तू लपवायची तोवर ठीक होतं, आता ती खोटंही बोलायला लागली. तो तुकडा कुठे आहे विचारलं की म्हणते, आजोबांकडे आहे. मी चांगली रागावले. ऐकतच नाही, एकच धरून बसलीय, आजोबांकडे आहे, आजोबांकडे आहे. तुमचं नाव घेते हो! तुम्ही तपासून दिलेलं असताना!"

मी फोन धरून उभा. तुकडा शर्टाच्या खिशात. बायको समोर भाजी निवडतेय. तीन दिवसांपूर्वी ती पोरगी नुसती हरवणारी होती, आता माझ्यापायी खोटारडी झाली होती, आणि खोटं काय बोलली, तर काहीच नाही! घरात खरं बोलणारी तेवढी एकच. लेक हॅलो, हॅलो करत होती. मी म्हटलं, "खरं बोलतेय ती. माझ्याकडेच आहे. पहिल्यापासून."

मग लेक हळूच म्हणाली, "मग तुम्ही तिला माफ कशाचं केलंत, बाबा?" याला उत्तर आहे का तुमच्याकडे? असेल तर द्या. बायकोनं भाजी बाजूला ठेवली आणि माझ्या शर्टाच्या खिशाकडे पाहिलं.

पुढच्या रविवारी गेलो. सगळ्यांसमोर, जमिनीवर बसलो, तुकडा खारूताईच्या पुढ्यात ठेवला आणि म्हटलं, तुकडा तू हरवला नव्हतास, तो माझ्याकडेच राहिला होता, मला ठाऊक होतं तरी मी बोललो नाही, मला भीती वाटली. सॉरी. घसा असा दाटला होता की शेवटचा शब्द फुटेना. चार सेंटिमीटर बाय साडेतीन, तुम्हाला सांगतो, घशात अडकत नाही हे माझं माप साफ चुकलं होतं.

खारूताईनं माझ्याकडे पाहिलं. मग उठून माझ्या डोक्यावर हात ठेवला. अगदी माझ्याच सुरात. "असू दे, असू दे. होतं असं कधी कधी." आणि डोळा हत्तीला लावला.

आता दर रविवारी जातो. चित्र जोडतो, मोडतो, डब्यात भरतो, ती एक ते चोवीस मोजते, मध्ये सतरा गाळते, पण मोजते. माझी ती चिठ्ठी तिनं फाडून टाकलीय, नवी केलीय, खाली एक वेटोळं आहे, ती तिची सही. आणि मी निघालो की दारात आडवी उभी राहते. शर्टाचा खिसा, पँटचे दोन्ही खिसे, मग चष्म्याचं घर उघडून, चष्मा उचलून, खाली बघते. जावई मागे उभे असतात, कमी बोलतात. बायको पायरीवर वाट बघत उभी. मी हात वर करून गप उभा राहतो. काय करणार... तपासल्याशिवाय ती मला काही बाहेर सोडत नाही.