डब्यातली बुरशी

नगरपालिकेत अर्जांच्या रांगेत ती जन्मदाखल्यासाठी उभी होती आणि तिच्या खांद्यावर बाळ नुकतंच झोपलं होतं. पुढे एक म्हातारं जोडपं होतं. आजोबांच्या हातात झाड तोडायचा अर्ज, आजींच्या हातात स्टीलचा डबा.

"साहेबांना डबा उघडून दाखव. खोडावर बुरशीचे असे कान फुटले, म्हणजे झाड आतून कुजलंय."

"अहो, कुजलंय हे तुम्हीच ठरवलंत."

"चाळीस वर्षं सुतारकी केलीये मी. वादळात घरावर पडलं म्हणजे पटेल तुला."

"धाकटीला त्याच्या सावलीत वाढवलंय मी. एकदा चष्मा लावून नीट बघा तरी."

"आण इकडे. कुठून काढलीस ही बुरशी?"

"कपड्यांची दोरी बांधतो ना, तिथून."

"हिच्या बुडाला लाकडाची ढलपी आलीये. हात लाव, किती गुळगुळीत आहे."

"मग?"

"झाडाचं लाकूड असं नसतं. यावर रंधा फिरलाय."

"कुणी फिरवला?"

"मीच. दोरीसाठी खोडाला फळी ठोकली होती ना, ती कुजलीये."

"म्हणजे झाड चांगलं आहे?"

"फळी काढून खोडावर ठोकून बघतो. आवाज भरीव आला, तर राहू दे."

"आता नवी फळी ठोकायची नाही हं."

"मग दोरी कुठे बांधशील?"

"तुमच्या मिशांना."

आजोबांनी अर्जाची चौघडी घातली, बुरशीवर ठेवली आणि डबा बंद केला. मग मागे वळले.

"सरक पोरी पुढे. बाळ उठायच्या आत तुझा नंबर लागू दे."