हुप्प्याला मारलेली गोफण

माजं माहेर उमापूरचं, दिलं इकडं पाटोद्याच्या डोंगरात. बाप ज्वारीत माळ्यावर उभा ऱ्हाऊन पाखरं हाकायचा, त्याला पोरगा न्हाई, मग गोफन मलाच शिकवली, आन् नेम असा बसला की गावातले बापे म्हनायचे हिला कोन करून घेईल. पुढं ऊसतोडीत गुडघा गेला, तव्हा त्याच गोफनीवर काम मिळालं, पाटलानं सिताफळाच्या बागंवर राखनीला ठेवलं. आमी नवरा-बायको बागंतच कोपी घालून ऱ्हातो.

वानरं तर हायतच, डोंगर त्यांचाच हाय म्हना. काळ्या तोंडाची, धा-बारा वानरिनी आन् त्यांच्यात एकच गडी, हुप्प्या. आन् काय सांगू ताई तुमाला, एखादी बाळंत झाली की बाकीच्या साऱ्या भवती गोळा. पिल्लू मूठभर, काळंकुट्ट, ही घेनार, हुंगनार, छातीशी धरनार, की लगेच दुसरी हात पुढं करनार, तिच्याकडून तिसरी. आपल्या बारशाला बाया पाळन्याखालून बाळ देतेत, गोविंद घ्या, गोपाळ घ्या, तसंच बघा. त्यांच्यातली एखादी अडानी पोर उलटंच धरायची, ते किंचाळायचं, मग आई येऊन हिसकून न्यायची. मी हसत बसायची, पाटील म्हनायचा बाई तुला राखायला ठेवलंय का बघायला.

गेल्या साली फळ लई धरलं व्हतं आन् हुप्प्या कच्चीच तोडून फेकायचा. पाटील म्हनला ह्यो मोरक्या हाय, ह्याला हाकला, बाकीच्या आपसूक जातील. एक म्हातारा धनगर मेंढ्या घेऊन थांबलता, तो म्हनला बाई, ह्याला हात लावू नको, ह्यो गेला की दुसरा येतो, आन् त्यो आदीच्याची लेकरं ठेवीत न्हाई. मी म्हनलं तात्या, सावत्र बाप आमच्यात बी असतेत, कोन मारतंय. आन् फिरवली गोफन. धोंडा पायावर बसला, हुप्प्या लंगडत डोंगराकडं गेला. सगळा दिस मी नवऱ्यापुढं फुशारकी मारली.

आठ दिसांत दुसरा आला, जवान, आडदांड. वानरिनी कुठं गेल्याच न्हाईत. कळपात तीन पिल्लं व्हती अंगावर पिनारी. पयलं त्यानं आईच्या छातीवरून ओढलं, चावलं आन् फेकलं, ह्या डोळ्यांनी बघितलं मी. बाया धावल्या बरं का, ज्या घ्यायला हात पुढं करायच्या त्याच दात काढून गेल्या त्याच्यावर, पन त्यो त्यांना आवरतो व्हय. ती आई मेलेलं पिल्लू घेऊन हिंडली, वाळून कातडं झालं तरी पोटाशी, माश्या हानायची. चार दिसांनी दुसरं गेलं.

तिसऱ्यासाठी मी उभीच ऱ्हायले ताई. कोपीपुढं त्याच्या आईला भाकर टाकायची, जवळ बसवायची, त्यो दिसला की गोफन. तव्यावर भाकरी करपायच्या, पोटात अन्न न्हाई, नवरा म्हनायचा अगं कावून येड्यावानी करतीस, वानराचं हाय ते. मी म्हनलं त्याचा बाप मी घालवलाय. वनखात्याला फोन लावला, ते म्हनले ती त्यांची रीतच हाय. मारुतीला नारळ बोलले. नऊ दिस राखलं. धाव्या दिशी हिरीवर पान्याला गेलते, तेवढंच. आरडा ऐकला, घागर टाकून पळाले, ह्या मोडक्या गुडघ्यानं कितीक पळनार. आई बांधावर बसलेली, पिल्लाचा हात हलत व्हता, मग हलायचा ऱ्हायला. मी मातीत बसून रडले, पोटचं गेल्यावानी. तिनं माज्याकडं बघितलं बी न्हाई.

आता वरीस झालं. बाया पुन्हा बाळंत झाल्यात, लेकरं ह्याचीच. त्याच्या शेपटाला लोंबकळतेत, त्यो डोळे मिटून बसतो. राग येतो, लई राग येतो. पन ह्याला हाकलला की आनखी एक येईल. परवा खालच्या रानात एक उपरा नर दिसला, तर मी त्याच्यावर धोंडे घातले, ह्या खुन्याच्या बाजूनं. रोज मारुतीपुढं हात जोडून म्हनते, देवा, ह्याला औक्ष दे. पिल्लं दूध सोडून पाल्याला लागूस्तवर तरी ह्याला काय होऊ देऊ नको.