रिकाम्या हातांची यादी

लाइल : आता हे तिसऱ्या वाटाड्याचं पत्रक कशाला काढलंस? दोन आहेत ना. त्यातलं एक निवड आणि विषय संपव.

नेडीन : ती दोन्ही केराच्या टोपलीत गेली.

लाइल : हॅलोरनच्या रँचवर काय वाईट आहे? आपला जावई स्वतः जाऊन आलाय. गाडी थेट कुरणापर्यंत नेतात. संध्याकाळी गरम पाण्याचा टब.

नेडीन : मला आंघोळीला जायचं नाहीये, लाइल. एल्कच्या शिकारीला जायचंय. तिथं एल्कसारखं थोरलं हरीण कुरणात चरायला येणार, आपण खुर्चीत बसून बंदूक टेकवायची. ती शिकार कसली, तो बाजारहाट.

लाइल : सहासष्ट वर्षांची आहेस तू.

नेडीन : ते परवान्यावर लिहिलंय. वायोमिंग राज्यानं वाचूनच दिलाय. अकरा वर्षं दर वर्षी अर्ज टाकला, नंबर लागला नाही की मिळणारा एकेक गुण साठवला, तेव्हा कुठं यंदा सोडतीत माझं नाव निघालं. पुन्हा अकरा वर्षं थांबले तर सत्त्याहत्तर होतील. मग तूच म्हणशील, आता काठी सांभाळ.

लाइल : बरं, हॅलोरन नको तर नको. प्रूइट घे. वीस घोडे आहेत त्याच्याकडे, मोठे तंबू आहेत. त्याच्याकडून कुणी रिकाम्या हातानं परत येत नाही म्हणतात.

नेडीन : म्हणतात नाही, तोच म्हणतो. काल तू दाढी करत होतास तेव्हा बोलले त्याच्याशी. आधी पाच मिनिटं स्वतःची टिमकी वाजवली. मी म्हटलं, छान, पण इतक्या वर्षांत एखादा तरी हात हलवत गेला असेल, त्याचा नंबर द्या. हसायलाच लागला. म्हणाला, लोक मोठी शिंगं मिळालेल्यांचे नंबर मागतात, असलं मागणाऱ्या तुम्ही पहिल्याच.

लाइल : बरोबरच आहे त्याचं. कोण मागतं असलं?

नेडीन : मी मागते. शिंगं मिळालेला माणूस वाटाड्याचे गोडवे गाणारच. सात दिवस थंडीत कुडकुडून ज्याला काही मिळालं नाही, तो काय म्हणतो ते मला ऐकायचंय. हे सांगितलं त्याला. त्यावर काय म्हणाला ठाऊक आहे? "घरात मिस्टर आहेत का? जरा त्यांच्याकडे फोन द्या."

लाइल : द्यायचास मग.

नेडीन : म्हटलं, मिस्टर दाढी करतायत. परवाना माझ्या नावावर आहे, रायफल माझी आहे, आणि तुमच्याकडे आता माझं काही काम नाही. ठेवला फोन.

लाइल : अगं, असे फोन ठेवत बसलीस तर ऑक्टोबर उजाडेल. परराज्यातल्या माणसाला राखीव रानात वाटाड्याशिवाय शिकार करता येत नाही, कायदाच आहे तिथला. कुणीतरी धरावा लागेलच.

नेडीन : म्हणून तर हे तिसरं पत्रक. ऑरिन स्ट्राउड.

लाइल : तो नको.

नेडीन : का?

लाइल : नको म्हटलं ना. जेवण वाईट. खेचरं चावरी.

नेडीन : नऊ वर्षांपूर्वी त्याच्याकडून आलास तेव्हा महिनाभर त्याच्या तळावरच्या जेवणाचं कौतुक चाललं होतं. माझ्या हातचं गिळवत नव्हतं तुला.

लाइल : थंडीत भूक लागते, काहीही गोड लागतं. नेडीन, ऐक माझं. ते डोंगर आहेत, आपलं नेब्रास्का नव्हे. सहा तास घोड्यावर बसायचं, मग पायी चढायचं. गुडघ्यांचं काय करशील?

नेडीन : गुडघ्यांना मार्चपासून कामाला लावलंय. सोडत निघायच्या आधीपासून. शाळेच्या मैदानाच्या पायऱ्या रोज चाळीस वेळा, पाठीवर कोंबड्यांच्या खाद्याचं पोतं घेऊन. फुटबॉलची पोरं आधी खिदळायची. आता बाजूला होऊन वाट देतात.

लाइल : पायऱ्या वेगळ्या.

नेडीन : सगळंच वेगळं असतं तुझ्या मते. बत्तीस वर्षं तुझी हरणं मी सोलली, मी कापली, कागदात गुंडाळून वर तारखा मी घातल्या. सुरी धरायला बाई चालते, बंदूक धरायला नाही. तुझ्या मित्रांनी शेकोटीच्या गप्पा मारायच्या आणि मी इथं फ्रीझर पुसायचा. पुरे झालं. मी स्ट्राउडला फोन लावतेय, तुझ्यासमोर. काही लपवायचं नाहीये मला.

(नेडीन नंबर लावून फोन स्पीकरवर टाकते आणि टेबलाच्या मधोमध ठेवते.)

ऑरिन : स्ट्राउड बोलतोय.

नेडीन : मी नेडीन कूलमन, नेब्रास्काहून. एल्कचा परवाना मिळालाय, ऑक्टोबरचा पहिला आठवडा. जागा आहे का?

ऑरिन : एक आहे. वजन किती तुमचं?

नेडीन : चौसष्ट किलो. वय सहासष्ट.

ऑरिन : वय नाही विचारलं. घोड्याला वजन कळतं, वय नाही. गोळ्या कुठल्या घेता?

नेडीन : रक्तदाबाची, रोज एक.

ऑरिन : दुप्पट आणा. निम्म्या मला द्या, माझ्या खोगिराच्या पिशवीत राहतील. एखादी पिशवी ओढ्यात गेली तर पंचाईत नको. आणखी काही विचारायचंय?

नेडीन : तुमच्याकडून रिकाम्या हातानं गेलेला एखादा माणूस सांगा.

ऑरिन : एखादा? गेल्या वर्षी आठांतले पाच गेले. लिहून घेताय का? नंबर देतो.

नेडीन : पाचही देणार?

ऑरिन : दोघं शिव्या घालतील मला. घालू देत. बर्फ लवकर पडलं, जनावर खाली उतरलं, मी वर शोधत बसलो. चूक माझीच होती.

नेडीन : आणि शिकारीच्या जागेपर्यंत पोचलेच नाहीत, वाटेतूनच मागे फिरले, असे कुणी?

ऑरिन : आहेत. त्यांची नावं देत नाही मी.

नेडीन : का बरं?

ऑरिन : एल्क नाही मिळाला तर ती डोंगराची गोष्ट. माणूस मागे फिरला तर ती त्याची स्वतःची. सांगायची तर त्यानं सांगावी.

नेडीन : माझे मिस्टर आले होते तुमच्याकडे, नऊ वर्षांपूर्वी. लाइल कूलमन. आठवतात?

ऑरिन : आठवतात. घोड्यांशी फार चांगलं वागायचे.

नेडीन : त्यांचा एल्क अगदी टप्प्यात आला होता म्हणे, आणि ऐन वेळी रायफलचा बोल्ट थंडीनं गोठला, गोळीच सुटेना. तेव्हा नेमकं झालं काय? थंडीत मी माझ्या रायफलला काय करायला हवं?

ऑरिन : तेल पुसून कोरडी ठेवा, गोठणार नाही. बाकीचं मिस्टरांना विचारा, बाई.

नेडीन : बरं. तासाभरात कळवते तुम्हाला.

ऑरिन : जागा तोवर ठेवतो.

(नेडीन फोन बंद करते.)

नेडीन : बोल ना. मघाशी तर तोंड मिटत नव्हतं.

लाइल : बोल्ट गोठला नव्हता.

नेडीन : ते कळलं मला.

लाइल : एल्क दिसलाच नाही मला. एकसुद्धा. दुसऱ्या दिवशी सकाळी तळावरून वर निघालो. पुढं एक कडा लागतो, त्याला चिकटून वाट आहे, घोडा जेमतेम मावतो. एका बाजूला दगड, दुसऱ्या बाजूला काही नाही. मध्यावर आलो आणि माझे हातपाय गळाले. घोड्यावरून उतरलो, दगडाला पाठ लावून खाली बसलो. पुढं जाता येईना, मागं येता येईना.

नेडीन : मग?

लाइल : स्ट्राउड मागं चालत आला. काही बोलला नाही. माझा हात धरला आणि पाऊल-पाऊल करत परत आणलं, लहान मुलाला आणतात तसं. दीड तास लागला. बाकीचे तिघं वर खोळंबले होते. त्यांना म्हणाला, लाइलचा घोडा लंगडला.

नेडीन : आणि उरलेले पाच दिवस?

लाइल : आचाऱ्याबरोबर बटाटे सोलले. घोड्यांना दाणा घातला. परत आलो आणि तू विचारलंस, काय झालं. तोंडातून निघून गेलं, बोल्ट गोठला. मग न्हाव्याकडे तेच सांगितलं, चर्चमध्ये तेच सांगितलं. नऊ वर्षं सांगतोय. कधीकधी मलाच तो एल्क डोळ्यांसमोर दिसतो.

नेडीन : मला सांगायचंस रे.

लाइल : लाज वाटली. अजून वाटते. आता हस हवं तर.

नेडीन : हसू येत नाहीये. राग येतोय. मागे फिरलास म्हणून नाही. त्या लाजेपायी मला त्या कुरणातल्या खुर्चीवर बसवायला निघाला होतास म्हणून.

लाइल : मला वाटलं, तूही तिथं अडकशील.

नेडीन : खरं सांग.

लाइल : खरं सांगू? तू अडकशील याची भीती नव्हती मला. तू पार होशील याची होती.

नेडीन : झाले पार तर झाले. त्यात तुझं काय गेलं?

लाइल : काही नाही. तेच तर कळायला नऊ वर्षं लागली.

नेडीन : तुझ्या सोयीसाठी मी कड्याच्या अलीकडे थांबणार नाही, लाइल. आधीच सांगून ठेवते.

लाइल : थांब असं म्हणत नाहीये मी आता. पण एवढं ऐकूनही त्याच्याकडेच जाणार?

नेडीन : एवढं ऐकलं म्हणूनच. प्रूइटनं तुला पुढं ढकललं असतं. हॅलोरननं कडाच दाखवला नसता. ह्यानं तुला हात धरून आणलं आणि आज नऊ वर्षांनी तुझ्या बायकोनं खोदून विचारलं तरी तोंड उघडलं नाही. आणखी कुठला वाटाड्या शोधू मी? तो फोन दे इकडे.

लाइल : घे.

नेडीन : हॅलो, स्ट्राउड? मघाची कूलमन बाई बोलतेय. ती जागा माझी.

ऑरिन : मिस्टरांना विचारलंत?

नेडीन : विचारलं. त्यांनी सांगितलं. सगळं.

ऑरिन : बरं झालं. मग तुम्हाला तो कडा ठाऊक आहे. तिथं पाय अडले तर लाजू नका, हाक मारा.

नेडीन : हाक मारीन. हात धरून परत आणायचं तर आणा. पण कुणी विचारलं तर घोडा लंगडला म्हणू नका. बाई घाबरली, असं सरळ सांगा.