डब्याएवढा ड्रमर

...आणि तुम्हाला सांगतो, मी घाबरट नाही हो, पण कुरामोची भरदुपारी मिठाईचा खोका घेऊन दारात उभा राहिला ना, मी दाराआडच लपलो! मी ड्रम वाजवतो, आणि कुरामोची म्हणजे आमच्या बँडचा म्होरक्या. गातो, गिटार वाजवतो, आणि इतक्या वर्षांत त्यानं मला साधा चहा पाजलेला नाही... आणि आज मिठाई? तीही टोकियोच्या महागड्या गिन्झातल्या दुकानातली, रेशमी रुमालात बांधून? अहो, आमच्याकडे जपानात 'चालता हो' असं तोंडावर म्हणतं का कोणी? मिठाई आणतात, कमरेत वाकतात, आणि आपण तोंडात गोड घास घेऊन रस्त्यावर!

तसं लक्षण दिसतच होतं. नव्या अल्बममध्ये म्हणे सगळे इलेक्ट्रॉनिक आवाज! म्हणून कोएन्जीच्या स्टुडिओत ते तालाचं मशीन आणलं. जेवणाच्या डब्याएवढं, पण एकदा ठेका धरला की सोडायचं नाव नाही. बेस गिटार वाजवणारी मिनेगिशी रोज निघताना त्याच्यावर स्वतःचा रुमाल पांघरायची, "दमलास हं आज!" आणि मला? "ए, तुझ्या काठ्या उचल तिथनं, त्याला ओरखडे पडतील." मी घाबरट नाही हो, पण त्या डब्याचा लाल दिवा माझ्याकडेच बघायचा!

तर कुरामोची उंबऱ्यात वाकला तो उठेचना. "माफ कर, तोमोहारू... सगळी गाणी मशीनवरच झाली. तुझं एकही वाजवणं घेतलं नाही."

संपलं! चाळिशी आलेली, ड्रम बडवण्यापलीकडे मला येतंय काय? कसंबसं विचारलं, "म्हणजे मी... बाहेर?"

तर तोच दचकला! "बाहेर? अरे वेड्या, मग ओसाकाच्या कार्यक्रमाला व्हॅन कोण नेणार? लायसन्स एकट्या तुझ्याकडे!"

राहिलो बाबा बँडमध्ये. आता पुढच्या सीटवर मशीन, पट्टा बांधून, आणि मिनेगिशी मागनं ओरडते, "हळू घे की, त्याला हादरे बसतायत!" स्टेजवर मी त्याच्या शेजारी बसून काठ्या फिरवतो, ड्रमला लागणार नाहीत अशा बेतानं.

आणि परवा गावाकडनं, अकिताहून आईचा फोन. अल्बम ऐकला म्हणाली. मी फोन कानापासून लांबच धरला... तिला कळलं असेल तर? गावभर माझा फोटो दाखवत हिंडते हो ती!

"तोमो," म्हणाली, "रडूच आलं रे मला. जन्मात पहिल्यांदा तालात वाजवलंस!"

मी घाबरट नाही हो... पण खरं सांगायला छाती लागते. म्हटलं, "हो गं आई... सराव केला."